सात गावांसाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण: कायदा कोणता, पैसा कुठून?

वेशीपलीकडची

नमस्कार मंडळी. महानगरपालिकेच्या हद्दीला लागून आमच्या सात ग्रामपंचायती आहेत. सगळ्यांची मिळून आजची लोकसंख्या ४८,०००च्या आसपास. ज्या वेगाने इमारती उठत आहेत तो पाहता पंधरा वर्षांत ८०,००० धरायला हरकत नाही. निम्म्या सोसायट्यांना टँकरचे पाणी, सांडपाणी सरळ ओढ्यात, तीन गावांत मिळून एक स्मशानभूमी, आणि मंडईला जागाच नाही. एकेका ग्रामपंचायतीच्या ताकदीबाहेरची ही कामे आहेत.

सातही गावांत एक विचार जोर धरतो आहे: आपले एक प्राधिकरण असावे, त्याने कर्ज काढावे, पाणी, मलनिस्सारण, मंडई, रुग्णालयाची इमारत एकदाच नीट बांधावी आणि पट्टीतून फेड करावी. महानगरपालिकेत जायची लोकांची तयारी नाही.

जाणकारांना विचारायचे ते असे. ग्रामसभांनी ठराव केले तर असे प्राधिकरण होते का? कर्ज कोण देते आणि तारण म्हणून काय मागते? ग्रामपंचायतींचे कोणते अधिकार जातात? आणि अशा योजना बहुतेक कुठे अडकतात?

कलमदान

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: होत नाही. ग्रामसभेचा ठराव ही मागणी झाली. प्राधिकरण फक्त राज्य शासन स्थापते, तेही राजपत्रातल्या अधिसूचनेने. महाराष्ट्रात त्यासाठी मुख्यतः दोन कायदे आहेत.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४० खाली 'विशेष नियोजन प्राधिकरण' नेमता येते आणि कलम ११३ खाली 'नवनगर विकास प्राधिकरण'. कलम ४०चे प्राधिकरण मुख्यतः नियोजन आणि बांधकाम परवानगी पाहते. जमीन घेणे, विकसित करणे, भूखंड विकणे, त्या पैशातून सुविधा उभ्या करणे हा सगळा कारभार कलम ११३चा. दुसरा कायदा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणांचा, २०१६चा. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आज त्या चौकटीत आहे.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: तुमची सात गावे आधीच एखाद्या महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत आहेत का? मोठ्या महानगरपालिकेला लागून आहात म्हणजे बहुधा असतीलच. असतील तर तिथे आणखी एक प्राधिकरण मागणे म्हणजे शासनाला आपल्याच संस्थेचा तुकडा तोडायला सांगणे. अशी फाइल मंत्रालयात वर्षानुवर्षे पडून राहते. त्यापेक्षा त्याच प्राधिकरणाकडून तुमच्या गावांसाठी नगररचना परियोजना मागणे जास्त फळते. त्याबद्दल पुढे लिहितो.

प्राधिकरणे जगली कशावर, हेही पाहा. सिडको १९७० साली कंपनी म्हणून स्थापन झाली आणि नवी मुंबईच्या ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२चे, तेही भूखंडांवर चालले आणि २०२१ साली पुणे महानगर प्राधिकरणात विलीन झाले. दोन्ही ठिकाणी भांडवल होते स्वस्तात संपादित केलेली शेतजमीन. तो काळ आता गेला. २०१३च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर गुणक (म्हणजे ठरावीक पट) आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. शिवाय तुमच्याकडे बाजारभाव आधीच चढलेला. जमीन विकत घेऊन, विकून सुविधा बांधायचे गणित शहराच्या वेशीवर आज बसत नाही.

म्हणून नगररचना परियोजना. याच अधिनियमात कलम ५९ पासून तिची तरतूद आहे. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, उद्याने, शाळा, जलशुद्धीकरण केंद्राच्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या अंतिम भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची. संपादनाला पैसा लागत नाही. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे आणि सिडकोच्या नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या भागात, हाच मार्ग धरला आहे. इरादा जाहीर झाल्यापासून मसुदा नऊ महिन्यांत प्रसिद्ध करावा लागतो, नंतर शासनाने नेमलेला लवाद भूखंड आणि रकमा पक्क्या करतो. भांडण होते ते किती टक्के जमीन परत मिळणार यावर. नैनात साधारण ४० टक्के मिळते म्हणून शेतकऱ्यांचा विरोध राहिला. तुमच्याकडे हा आकडा ग्रामसभेत आधी ठरवून घ्या आणि मगच नकाशा काढायला सांगा.

आता अधिकार. प्राधिकरण आले की बांधकाम परवानगी, विकास शुल्क आणि आरक्षणे त्याच्याकडे जातात. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि कचरा ग्रामपंचायतीकडेच राहतात. हा सांधा कायम दुखतो: पैसा वर जमा होतो आणि तक्रार घेऊन माणूस येतो ग्रामपंचायतीत.

ताळेबंद

कलमदान यांनी कायदा सांगितला. मी पैशाचे बोलतो, कारण बहुतेक प्रस्ताव इथेच कोसळतात.

'प्राधिकरण झाले की कर्ज मिळेल' असे नसते. हुडको (घरबांधणी आणि नागरी सुविधांना कर्ज देणारी केंद्राची कंपनी) असो की बँक, ती विचारते की दरवर्षी ठरलेल्या तारखेला, कोणाचाही मूड न बघता, कोणत्या खात्यात किती पैसे येणार. इमारत किंवा जलकुंभ हे तारण तिच्या उपयोगाचे नाही. जलकुंभ जप्त करून बँक काय करणार? तारण म्हणजे महसूल.

एक हिशेब करून बघा. समजा पाणी आणि मलनिस्सारण मिळून ६० कोटींचे कर्ज, १५ वर्षे, ९ टक्के. वार्षिक हप्ता साधारण ७.४४ कोटी. आज तुमची घरे ४८,००० भागिले ४, म्हणजे १२,०००. दर घरामागे महिन्याला ५१७ रुपये निव्वळ हप्त्याचे. वीज, रसायने, पगार, दुरुस्ती वेगळी. निम्मे अनुदान मिळाले तर हप्त्याचा भार २५८ वर येतो. पण वसुली ८० टक्केच झाली तर भरणाऱ्या घराला तेच ३२३ पडतात. हे आकडे ग्रामसभेच्या फळ्यावर लिहा. ते बघूनही लोक हो म्हणाले तरच पुढे जा.

प्रकल्प अहवालात एक आकडा हमखास राहून जातो: बांधकामकाळातले व्याज. निम्मे अनुदान धरून उरलेले ३० कोटींचे कर्ज तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उचलले तर सरासरी दीड वर्षाचे व्याज धरून चार कोटी होतात. तोवर एकही नळ सुरू नसतो, म्हणजे पट्टीही नसते. हे चार कोटी प्रकल्पखर्चात धरले नाहीत तर पहिला हप्ताच थकतो.

विकास शुल्काबद्दल मोठा गैरसमज आहे. नगररचना अधिनियमाच्या प्रकरण सहा-अ खाली निवासी वापराला रेडी रेकनरच्या जमीनदराच्या ०.५ टक्का जमिनीवर आणि २ टक्के बांधकामावर असे मूळ दर आहेत. दर ८,००० रुपये चौरस मीटर असेल आणि वर्षाला एक लाख चौरस मीटर बांधकाम मंजूर झाले तर बांधकामाचे शुल्क होते १.६ कोटी. एवढे बांधकाम म्हणजे चांगली तेजी. मंदीत हे निम्म्यावर येते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. विकास शुल्कावर कधीही दीर्घ मुदतीचे कर्ज उभारू नका. ते रस्ते, मंडई, स्मशानभूमी अशा एकदाच खर्च होणाऱ्या कामांना वापरा.

कर्जरोख्यांचाही प्रश्न कोणीतरी विचारेलच. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले, दहा वर्षांचे, चोवीस तास पाणीयोजनेसाठी. एवढी मोठी महानगरपालिका, पण निविदा पुन्हा काढाव्या लागल्या, काम लांबले आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू झाले. जागा, परवानग्या आणि निविदा हाती आल्याशिवाय पैसा उभा करायचा नाही, हा त्यातला धडा. तुमच्या आकाराच्या संस्थेला एकटीने रोखे काढणे झेपणारही नाही. पतमानांकन, विश्वस्त, नोंदणी या सगळ्यांचा खर्च छोट्या रकमेवर फार पडतो.

छोट्यांसाठी चाललेला नमुना तमिळनाडूचा आहे. २००२ साली डझनभर छोट्या नागरी संस्थांची पाणी-मलनिस्सारणाची कर्जे एकत्र करून सुमारे ३० कोटींचे रोखे काढले गेले. प्रत्येक संस्थेचा महसूल आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे करारात ठरलेल्या कामाशिवाय हात लावता येत नाही अशा खात्यात. कमी पडला तर राज्याकडून त्या संस्थेला मिळणाऱ्या हिश्शातून परस्पर कपात. त्यावर राखीव निधी, आणि त्याही पलीकडे मुद्दलाच्या अर्ध्या रकमेची अमेरिकी विकास संस्थेची हमी. चार थर एकावर एक. सात गावांनी हेच तत्त्व छोट्या प्रमाणात वापरावे: पाणीपट्टी वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्यातून पैसा निघण्याचा क्रम करारातच लिहिलेला. आधी वीजबिल, मग हप्ता, मग राखीव निधी, उरले तर बाकी. वीजबिल पहिले, कारण पंप थांबला की पट्टीच थांबते.

जलदाब

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी बांधकामाच्या बाजूचे सांगतो, कारण 'काय बांधायचे' हे चुकले तर कोणतेही प्राधिकरण वाचवू शकत नाही.

मलनिस्सारण असलेल्या गावाला माणशी रोज १३५ लिटर धरतात. जलजीवन मिशनचे, म्हणजे ग्रामीण नळयोजनेचे, ५५ लिटर इथे उपयोगी नाहीत, तेवढ्या पाण्यात गटारवाहिनी वाहत नाही, तुंबते. ८०,००० लोकांना रोज १०.८ दशलक्ष लिटर. गळती १५ टक्के धरली तर उद्भवाकडून, म्हणजे जिथून पाणी घ्यायचे तिथून, १२.७ दशलक्ष लिटर उचलावे लागतील. एवढ्या पाण्याचे आरक्षण जलसंपदा विभागाकडून धरणात मिळाले पाहिजे. पहिला कागद हाच. आरक्षणाशिवाय केलेला प्रकल्प अहवाल हा नुसता ढीग आहे, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण त्याला तांत्रिक मान्यता देणार नाही.

वीज: १०० मीटर उंचीवर हे पाणी चढवायचे तर ७० टक्के कार्यक्षमता धरून रोज जवळपास ४,९५० युनिट. सात रुपये दराने वर्षाला सव्वा कोटीच्या वर. पंपगृहाला महावितरणचा स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर (फक्त पंपगृहासाठीची वीजवाहिनी) घ्या आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरा. गावच्या शेती फीडरवर पंप टाकला की दिवसाला आठ-दहा तासच चालतो. मग तेच पाणी चढवायला दुप्पट क्षमतेचे पंप आणि जाडी वाहिनी लागते. २३ तास पंपिंग धरले तर ४५० मिलिमीटर व्यासाच्या डक्टाइल आयर्न वाहिनीत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत राहतो, ते ठीक आहे.

सांडपाणी पाण्याच्या ८० टक्के, म्हणजे शेवटी ८.६ दशलक्ष लिटर. पण पहिल्याच दिवशी एवढे मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधू नका. ४.३चा एक टप्पा बांधा आणि दुसऱ्याची जागा राखून ठेवा. मोठ्या केंद्रात थोडेच सांडपाणी आले की जिवाणूंना खाद्य पुरत नाही, प्रक्रिया धड होत नाही, आणि विजेचे बिल मात्र येत राहते. सात गावांचा उतार दोन वेगळ्या ओढ्यांकडे असेल तर एका केंद्राच्या हट्टापायी सांडपाणी टेकाडावरून पंप करू नका. दोन छोटी केंद्रे परवडतात.

आणि सगळ्यात मोठा खड्डा: घरजोडण्या. रस्त्यात वाहिनी पडते, केंद्राचे उद्घाटन होते आणि सांडपाणी येतच नाही, कारण घरापासून वाहिनीपर्यंतचा तुकडा घरमालकाने स्वखर्चाने टाकायचा असे निविदेत लिहिलेले असते. तो कशाला टाकेल, त्याची सेप्टिक टाकी चालू आहे. निविदेतच प्रत्येक घराचे चेंबर, जोडणी आणि सेप्टिक टाकी बंद करून बाजूला काढणे ही बाब घ्या. ठेकेदाराच्या देयकाचा काही भाग वाहिनीच्या मीटरवर न देता चालू जोडण्यांच्या संख्येवर द्या.

मागणीच्या अंदाजावर जाता जाता एक उदाहरण. तिरुप्पूरला १९९५ साली याच कामासाठी खास कंपनी काढली. भवानी नदीवरून १८५ दशलक्ष लिटरची योजना, २००५ मध्ये पाणी सुरू. मुख्य गिऱ्हाईक कापड रंगवणारे कारखाने. २०११ साली प्रदूषणापायी न्यायालयाच्या आदेशाने ते बंद झाले, पाण्याचा उठाव कोसळला आणि कंपनी कर्जाच्या गाळात गेली. बांधकाम चांगले होते, पण फेड एकाच जातीच्या गिऱ्हाइकावर टांगलेली होती. तुमच्याकडे ते गिऱ्हाईक म्हणजे बिल्डर. नव्या इमारती आल्याच नाहीत तर काय, हे गणित १२,००० घरांवर करून बघा, २०,००० वर नको.

वेशीपलीकडची

तिघांचेही मनापासून आभार. सात गावे महानगर प्राधिकरणाच्या हद्दीतच आहेत, आजच नकाशात पाहिले. मग आमच्यासाठी व्यवहार्य रस्ता कोणता? सातही ग्रामपंचायती मिळून संयुक्त समिती केली तर कर्ज मिळेल का?

नगरसचिव

संयुक्त समिती किंवा शिखर समिती बांधलेली योजना चालवण्यापुरती ठीक. अनेक गावांच्या प्रादेशिक पाणीयोजना तशा चालतात. पण कर्ज काढायला ती कमकुवत. एका गावाने वर्गणी थांबवली की बाकी सहा त्याचे पाणी तोडू शकत नाहीत, कारण वाहिनी त्याच गावातून पुढे जाते. ग्रामपंचायतींसाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १३३ खाली जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्जाची सोय आहे, पण ती मंडईचे गाळे, ग्रामपंचायत इमारत अशा आकाराच्या कामांना पुरते.

माझे स्पष्ट मत: तुम्ही प्राधिकरण मागू नका, नगरपरिषद मागा. ४०,००० ते एक लाख लोकसंख्येला ब वर्ग नगरपरिषद होते. आजच्या अंदाजित लोकसंख्येवर तुम्ही त्यात बसता, पण वर्ग ठरतो तो जनगणनेच्या आकड्यावर. निवडून आलेले लोक, स्वतःची कर आकारणी, आणि स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियम, १९१४ खाली शासनाच्या मंजुरीने कर्ज काढायचा अधिकार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शहरी अनुदानांचे दार उघडते. अमृत २.० या शहरी पाणी-मलनिस्सारणाच्या योजनेत एक लाखाखालच्या शहरांना केंद्राचा वाटा ५० टक्के होता. ग्रामपंचायतींचा समूह कितीही मोठा असला तरी तो तिथे पात्र ठरत नाही. योजनेची मूळ मुदत २०२५-२६ पर्यंतची होती, तेव्हा चालू मार्गदर्शक सूचना बघूनच अहवाल बांधा.

फुरसुंगी-उरुळी देवाची ही गावे पुणे महानगरपालिकेतून वगळून २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे वेशीवर नगरपरिषद होत नाही, असे नाही.

कलमदान

नगरसचिवांशी बहुतांशी सहमत, एक भर घालून. नवी ब वर्ग नगरपरिषद म्हणजे मुख्याधिकारी, मोजके अभियंते आणि भरपूर रिक्त पदे. ६० कोटींची योजना ती स्वतः बांधू शकणार नाही. म्हणून काम विभागा. जमीन आणि मोठे रस्ते महानगर प्राधिकरणाच्या नगररचना परियोजनेतून, पाणी-मलनिस्सारणाची अंमलबजावणी जीवन प्राधिकरणाकडून, आणि मालकी, पट्टी व कर्ज नगरपरिषदेकडे. तिघांचा करारनामा ठेकेदाराला कार्यादेश देण्याआधी झाला पाहिजे. त्यात हस्तांतरणाची अट नेमकी लिहा: सलग तीन महिने ठरलेला दाब आणि पुरवठा दाखवल्यानंतरच ताबा, आणि पुढची पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराकडे.

उद्या गावे महानगरपालिकेत गेली तर काय, हेही कर्जाच्या करारात हवे. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे अशीच आत घेतली गेली. दायित्व उत्तराधिकारी संस्थेकडे जाईल आणि एस्क्रो खाते कर्ज फिटेपर्यंत तसेच राहील, ही दोन वाक्ये असलीच पाहिजेत.

आरक्षणांचे एक: विकास योजनेत मंडई किंवा रुग्णालयाचे आरक्षण पडले म्हणजे जागा मिळाली असे नाही. दहा वर्षांत घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. तारखांची वही ठेवा.

नगरसचिव

बरोबर. आणि ताई, ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या नगरपरिषदेतील समावेशनाची यादी आत्ताच करा. नेमणूक तारीख, ठराव क्रमांक, मंजूर पद, सगळे मूळ कागदांसह. उद्घोषणेनंतर जोडलेल्या नावांवरून वर्षानुवर्षे तंटे चालतात.

ग्रामसभेच्या ठरावाची शब्दरचना सातही गावांत एकच ठेवा. त्यात गट क्रमांकांसह हद्द, २०११च्या जनगणनेची आणि आजची अंदाजित लोकसंख्या, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि पाणीपट्टीची मान्य केलेली कमाल रक्कम लिहा. शेवटची बाब कायद्याने लागत नाही, पण उद्या कर्ज देणारी संस्था प्रस्ताव तपासताना तोच कागद आधी मागेल. ठराव झाला की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नगरविकास विभागाला एकत्रित प्रस्ताव पाठवा, सात सुटे अर्ज नकोत.